८-९ वर्षांच्या मुलांसाठी पत्रं आणि मैत्री यांवर विनोदी पुस्तक लिहितेय. मुलं हसतील असं कसं लिहू?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की दोन मित्र एकमेकांना पत्रातून विनोद पाठवतात अशी तीन प्रकरणं झाली आहेत, पण घरातली तिसरीतली वाचक ढिम्म हसत नाही. तिचं काही चुकत नाहीये. पत्रातले विनोद त्या दोघांना लखलाभ, वाचणाऱ्या मुलीच्या वाट्याला त्यातून काय येतं? पत्र लिहिणाऱ्याला समोरचा दिसत नसतो आणि उत्तर यायला चार दिवस लागतात. मुलं हसतात ती या दोन अडचणींना.

माझंच सांगतो. चौथीत असताना वडिलांची बदली साताऱ्याहून सांगलीला झाली. जिवलग मित्र तिकडेच राहिला आणि त्याचा भोवरा माझ्या दप्तरातून सांगलीला आला. (चुकून. आजही माझं तेच म्हणणं आहे.) पंधरा दिवसांनी त्याचं आंतरदेशीय आलं. ते ज्यांनी उघडलंय त्यांना ठाऊक असेल, डिंकाच्या पट्टीपर्यंत गिचमिड लिहिलेलं असायचं आणि घाईनं फाडलं की ओळीचं शेपूट पट्टीबरोबर जायचं. माझ्या हातात उरलं, ‘भोवऱ्यावरून मी तुझ्यावर रागावलो आहे’. मी दिवाळीपर्यंत उत्तर दिलं नाही. भेटल्यावर कळलं, पुढं ‘असं समजू नकोस’ होतं. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला बसतो, म्हणून हा घोटाळा आपल्याकडं इतका सुरेख जमतो. हवा तर बिनधास्त वापरा.

पण अख्ख्या पुस्तकाला एवढं पुरणार नाही. त्यासाठी एक गाव सुचवतो, खरं तर दोन. नागठाणे हे सातारा तालुक्यात आहे, हायवेला लागून. आणि नागठाणे सांगली जिल्ह्यातही आहे, पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी, बालगंधर्वांचं म्हणून ओळखलं जाणारं. आता एका मुलानं पाकिटावर नुसतं ‘पिंट्या पाटील, मु. पो. नागठाणे’ लिहिलं. तालुका नाही, जिल्हा नाही, पिन नाही. पिंट्या पाटील कुठल्या गावात नसतो? पत्र नको त्या नागठाण्यात, नको त्या पिंट्याकडे पोचतं.

पत्रात असतं, ‘प्रिय पिंट्या, सा. न. वि. वि. तुझी म्हैस कशी आहे?’

या पिंट्याकडे म्हैस नाही. घरात एक शेळी आहे, तीही काकांची. पण आजवर त्याला कुणी पत्र पाठवलेलं नाही. ‘म्हैस नाही’ असं कळवलं तर पुढचं पत्र येणार नाही, एवढं त्याला कळतं. शिवाय ‘सा. न. वि. वि.’चा अर्थ माहीत नसल्यानं ते म्हशीचं नाव असावं असा त्याचा समज होतो. तो उत्तर लिहितो, ‘सानविवि मजेत आहे.’

इथून पुढं तुम्हाला विनोद शोधावे लागणार नाहीत. तिकडून विचारणा होते, दूध किती देते? हा शेळीचं माप बघून सांगतो, अर्धा लिटर. तिकडचा मुलगा घाबरतो, म्हैस आजारी दिसते, डॉक्टरला दाखव. मग म्हशीचं आजारपण, तिचं बरं होणं, तिचं चित्र पाठव म्हणून हट्ट. आणि एके दिवशी पत्र येतं, ‘मे महिन्यात सानविविला बघायला येतोय.’ वाचणाऱ्या मुलीला सगळं आधीपासून माहीत असतं, पत्र लिहिणाऱ्यांना काहीच माहीत नसतं. मैत्रीवर वेगळं प्रवचन द्यायला नको, पिंट्या कशासाठी थापा मारतोय हे तिला बरोबर कळतं.

दोन-तीन बारीक गोष्टी. पहिलं पत्र पाकिटातून आलं तरी पिंट्याचं उत्तर पोस्टकार्डावर असू दे, ५० पैशांचं. कार्ड उघडं असतं, म्हणजे पोस्टमनला म्हैस कळली, आणि पोस्टमनला कळली म्हणजे आळीला कळली. प्रकरण उत्तरावर संपवू नका, पत्र पेटीत पडल्याचा आवाज आला की थांबा. मधले चार दिवस हेच पुढचं प्रकरण. या दिवसांत पिंट्या काय करतो ते लिहायला हात सैल सोडा, मला तरी तोच भाग सगळ्यात आवडेल. आणि शाळेतला मायना अजिबात गाळू नका. मित्राला लिहिताना शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ असं लिहिणारं मूल मी पाहिलंय. ते मूल मीच होतो, पण ते असो.

कुणी तरी विचारेल, पिनकोड असताना पत्र चुकेलच कसं? सारख्या नावांच्या गावांचा घोळ हे तर पिनकोड येण्यामागचं एक कारण. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला आणि त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवीही. पण पिन लिहायला विसरणारी मुलं आजही आहेत, तेव्हा गोष्ट १९७२ च्या मागं ढकलायची गरज नाही. उलट पिनचाही खेळ करता येईल. सांगलीचा पिन ४१६४१६, एकदा ऐकला की पाठ. साताऱ्याचा ४१५००१. एखादा हुशार मुलगा म्हणेल, ‘४१५ म्हणजे सातारा जिल्हा!’ त्याला विट्याचा दाखवा: ४१५३११, आणि विटा सांगली जिल्ह्यात.

पुढचं प्रकरण झालं की लेकीला वाचून दाखवू नका. पाकिटात घालून तिच्या नावानं पोस्टात टाका आणि ते घरी येईपर्यंत तिच्या प्रश्नांना दाद देऊ नका. त्या दिवसांत ती जे जे विचारेल ते वहीत टिपून ठेवा, पुढच्या प्रकरणाला लागेल.