वाचकांचे प्रश्न : सीएनसीला (संगणकाच्या आज्ञेवर भाग कापणाऱ्या यंत्राला) फाइल पाठवण्याआधी

प्रश्न : थ्रीडी प्रिंटिंगला देतो तीच एसटीएल फाइल अंबडच्या एका जॉबवर्कवाल्यांना पाठवली. त्यांनी ती परत करून स्टेप फाइल मागितली. असे का? शिवाय डीएक्सएफ (सपाट ड्रॉइंगची फाइल) दिली तेव्हा प्लेट भलत्याच मापाची दिसत होती.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : एसटीएलमध्ये सगळा आकार सपाट त्रिकोणांनी बनलेला असतो, खरे वर्तुळ त्यात नसतेच. २० मिमी छिद्राचे २४ तुकडे झाले, तर प्रत्येक सपाट बाजू मधोमध सुमारे ०.०९ मिमी आत येते. प्रिंटिंगला ते बहुधा चालून जाते. पण मिलिंगच्या (फिरत्या हत्याराने कापण्याच्या) प्रोग्रामरला छिद्राचा केंद्र आणि व्यास थेट निवडायचा असतो, आणि त्रिकोणांच्या जाळीत निवडायला काही सापडत नाही. एसटीएलमध्ये एककही नसते. स्टेपमध्ये खरे दंडगोल, खरी प्रतले आणि एकक सगळे जाते, म्हणून तीच पाठवा.

डीएक्सएफमध्ये एककाची नोंद नसेल, तर उघडणारे सॉफ्टवेअर स्वतःच्या समजुतीने मिमी किंवा इंच धरते. चूक नेमकी २५.४ पटीची असेल तर कारण हेच. सोबतच्या पीडीएफवर एकूण लांबी-रुंदी लिहिली की समोरचा माणूस उघडताक्षणीच पडताळून पाहतो. पाठवण्याआधी एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा काढून टाका आणि तुटलेली टोके जोडा. नाहीतर लेझर एकाच रेषेवरून दोनदा फिरतो.

प्रश्न : ४० मिमी खोल पॉकेटला (कोरून काढलेल्या खोलगट जागेला) आतल्या कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्या दिली आहे. व्हीएमसीवाले (उभ्या सीएनसी मिलिंग यंत्रावर काम करणारे) म्हणतात, भाव दुप्पट होईल. ते अडवणूक करताहेत का?
– लघुउद्योजक, सातपूर

उत्तर : नाही, ते रास्त बोलत आहेत. एंडमिल (मिलिंगचे फिरणारे हत्यार) गोल असते, त्यामुळे उभ्या कोपऱ्यात तिच्या त्रिज्येपेक्षा लहान गोलाई निघूच शकत नाही. ३ मिमी त्रिज्येसाठी ६ मिमीची एंडमिल ४० मिमी खोल उतरवावी लागेल, म्हणजे व्यासाच्या साडेसहा पटींहून जास्त. टूल बाहेर जितके लांब, त्याच्या घनाच्या प्रमाणात ते वाकते: लांबी दुप्पट झाली की वाकणे आठपट. मग भिंत खाली निमुळती होते, चॅटरच्या (कंपनाच्या) खुणा उठतात किंवा टूलच मोडते. ते टाळायला पातळ पातळ कट घ्यावे लागतात, आणि मशीनचे तास वाढतात ते तिथेच.

खोली टूलच्या व्यासाच्या तीन-चार पटींत बसवा. ४० मिमी खोलीला १० मिमी टूल योग्य. मात्र कोपऱ्याची त्रिज्या नेमकी ५ देऊ नका. टूलची आणि कोपऱ्याची त्रिज्या एकच असली, की कोपऱ्यात शिरताच टूलचा बराच घेर एकदम मटेरियलला भिडतो आणि धक्का बसतो. ५.५ किंवा ६ दिली की टूल वळण घेत जाते.

पॉकेटमध्ये चौकोनी ठोकळा बसवायचा असेल, तर कोपरा टोकदार करण्याचा आग्रह सोडा आणि प्रत्येक कोपऱ्यात थोडी बाहेर जाणारी गोल खाच (रिलीफ) द्या. तळ आणि भिंत मिळतात तिथे फिलेट (गोलाई) गरज नसेल तर काढून टाका. साधी एंडमिल तिथे आपोआप काटकोन देते. फिलेटसाठी वेगळे टूल आणि वेगळा पास लागतो, आणि केवळ मॉडेल सुबक दिसावे म्हणून हा खर्च करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : कांदा ग्रेडिंग यंत्राच्या आयडलर पुलीसाठी (स्वतः शक्ती न देता नुसत्या फिरणाऱ्या पुलीसाठी) ६२०४ बेअरिंग वापरतो. ड्रॉइंगवर सगळ्या मापांना ±०.०१ लिहिले, तर कोटेशन फार आले. काही पुल्यांत बेअरिंग फिरून बोअरही (बेअरिंग बसते ते छिद्र) झिजला आहे.
– यंत्रनिर्माता, लासलगाव

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. काळजी जिथे हवी तिथे घेतलेली नाही आणि जिथे नको तिथे घेतली आहे.

सर्वसाधारण मापांसाठी शीर्षक-चौकटीत ‘आयएसओ २७६८-एम’ (मापात किती फरक, म्हणजे टॉलरन्स, चालेल हे सांगणारे मानक) एवढेच लिहा. त्यात ३० ते १२० मिमीच्या मापाला ±०.३ मिळते आणि पुलीच्या बाहेरच्या अंगाला ते पुरे आहे. ±०.०१ लिहिले की प्रत्येक माप वेगळे तपासावे लागते, आणि तापमानही आड येते. उन्हाळ्यात नाशिकच्या शॉपफ्लोअरवर ३५ अंश असताना २०० मिमी अॅल्युमिनिअम, मोजमापाच्या प्रमाण २० अंशांच्या तुलनेत, जवळपास ०.०७ मिमी वाढलेले असते.

आता बेअरिंग. ६२०४ चा आतला व्यास २०, बाहेरचा ४७, रुंदी १४ मिमी. तुमच्या पुलीत शाफ्ट स्थिर आहे आणि बाहेरची रिंग फिरते, म्हणजे घट्ट बसायला हवी ती बाहेरची रिंग. बोअर ४७ एच७ (या टॉलरन्स-वर्गात ० ते +०.०२५) ठेवला तर रिंग हळूहळू सरकत राहते आणि बोअर खाते, तुमच्याकडे हेच झाले असण्याची शक्यता सर्वात जास्त. बोअर ४७ एन७ द्या, म्हणजे −०.००८ ते −०.०३३. स्थिर शाफ्टला २० जी६ चालेल, म्हणजे −०.००७ ते −०.०२०, आणि बेअरिंग हाताने सरकवता येईल. शाफ्ट फिरणाऱ्या जागी मात्र उलटे करावे लागते, हे कॉपी-पेस्ट करताना विसरू नका.

बेअरिंग टेकते त्या खांद्याच्या (पायरीच्या) कोपऱ्यात त्रिज्या १ मिमीपेक्षा कमी हवी, ०.६ ते ०.८ ठेवा. जास्त झाली तर रिंग खांद्याला टेकण्याआधीच गोलाईवर अडकते. मॉडेलमध्ये बोअर ४७ च काढा. टॉलरन्सचा मध्य प्रोग्रामर स्वतः धरतो. तुम्ही आधीच कमी केलात तर माप दोनदा कमी होईल.

प्रश्न : एम८ चे (८ मिमी व्यासाचे) आटे मॉडेलमध्ये खरेखुरे काढून द्यावेत का?
– डिझाइनर, नाशिक रोड

उत्तर : नको. फाइल जड होते आणि टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) काम करणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. मॉडेलमध्ये टॅप ड्रिलचे, म्हणजे ६.८ मिमीचे छिद्र द्या (एम६ ला ५, एम५ ला ४.२). ८ मिमीचे छिद्र दिले तर ते ८ नेच ड्रिल होईल आणि आटे पाडायला मटेरियलच उरणार नाही. स्टेपमध्ये नुसता दिखाऊ आटा सहसा जात नाही, म्हणून पीडीएफवर लिहाच : ‘एम८×१.२५–६एच, आटे १६ खोल, ड्रिल ६.८ × २२ खोल’. बंद छिद्रात हे जास्तीचे ६ मिमी टॅपच्या निमुळत्या टोकासाठी आणि चुऱ्यासाठी लागतात. ते नसतील तर टॅप तळाला आपटून मोडतो, आणि मोडलेला टॅप काढण्यात जॉब जातो. अॅनोडायझिंग (अॅल्युमिनिअमवर ऑक्साइडचा थर चढवणे) होणार असेल तर आट्यांना प्लग लावायची सूचनाही त्याच ओळीत द्या.

प्रश्न : अमेरिकन ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून केलेला ब्रॅकेट आरशातल्यासारखा उलटा निघाला.
– जॉबवर्क चालक, अंबड

उत्तर : आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन (ड्रॉइंगवर दृश्ये मांडण्याची पद्धत) वापरतात, अमेरिकेत थर्ड अँगल. तिथे उजवीकडून दिसणारे दृश्य उजवीकडेच काढतात, आपण ते डावीकडे काढतो. शीर्षक-चौकटीतले छाटलेल्या शंकूचे चिन्ह आधी पाहा, प्रोजेक्शन कोणते ते त्यावरून कळते. डाव्या-उजव्या भागांसाठी स्टेप फाइल मागवून घ्या आणि पहिला जॉब लावण्याआधी ती ड्रॉइंगशेजारी उघडून छिद्रांच्या जागा जुळवा.