वय 26, धूम्रपान नाही, तरी धावताना एकाच पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातो. पायाची नाडी नॉर्मल आहे. काय असेल?

पॉप्लिटिअल आर्टरी एन्ट्रॅपमेंटची शंका घ्या. गुडघ्यामागची धमनी पोटरीच्या स्नायूच्या आतल्या डोक्याखाली (आतल्या बाजूच्या वरच्या टोकाखाली) दाबली जाते. झोपवून नाडी बघितली तर ती लागणारच! गुडघा सरळ ठेवून रुग्णाला पाऊल जोर लावून खाली दाबायला सांगा आणि त्याच वेळी घोट्याची नाडी बघा. डॉप्लरही (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) पाय सैल असताना आणि जोर लावताना, दोन्ही स्थितींत करा. मात्र जोर लावल्यावर नाडी अनेक निरोगी लोकांचीही जाते, त्यामुळे एवढ्यावर ऑपरेशन ठरवू नका. स्नायूची रचना एमआरआयमध्ये नीट कळते. उलट गुडघा पूर्ण वाकवल्यावर नाडी जात असेल, तर धमनीच्या भिंतीतली गाठ (सिस्टिक अ‍ॅडव्हेन्टिशियल डिसीज) शोधा.

उपचार म्हणजे दाबणारा स्नायू किंवा पट्टा कापून धमनी मोकळी करणं. धमनी आतून खराब किंवा बंद झाली असेल तर सोबत रुग्णाच्याच सॅफेनस शिरेचा (पायातली त्वचेखालची लांब शीर) बायपास. नुसता स्टेंट टाकू नये, बाहेरचा दाब तसाच राहतो आणि स्टेंट चेपतो. दुसरा पायही तपासून घ्या, बऱ्याचदा तिथेही हेच निघतं. पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला तर थेट इमर्जन्सी गाठा.