सही माझी, मग कागद सरकारने का ठरवायचा?

प्रश्न : ताई, मी स्वतःला लिबर्टेरियन मानतो, दोन सज्ञान माणसं आपखुशीने करार करत असतील तर सरकारने मधे पडू नये असं माझं मत. कर्ज देणाऱ्याने व्याजदर, फी, दंड सगळं ठरलेल्या नमुन्यातच लिहून द्यायची सक्ती नको असं मी बोललो तर मित्र म्हणाला तू लबाडांची बाजू घेतोयस. खरंच घेतोय का मी?

उत्तर : नाही घेत, पण मित्राला जे खुपतंय तेही खरं आहे. फसवणूक कुठल्याच लिबर्टेरियनला मान्य नाही, अगदी मरे रॉथबार्ड, जो सरकारच नको म्हणायचा, त्याच्याही मते फसवणूक म्हणजे चोरीच, कारण कबूल केलेली गोष्ट न देता समोरच्याचे पैसे ठेवून घेतले. त्यामुळे 10 टक्के सांगून 18 लावले तर वादच नाही, सरळ कोर्टात जा. पंचाईत होते ती 10 सांगून 10च लावतात आणि तरी 18 पडतात तेव्हा.

कागद-पेन घेऊन करूनच बघा. 12000 कर्ज, 12 महिने, फ्लॅट 10 टक्के. व्याज 1200, परतफेड 13200, हप्ता 1100. छान वाटतं, पण दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत चाललाय, सहाव्या महिन्यापर्यंत जवळपास निम्मं परत गेलंय आणि व्याज मात्र पूर्ण 12000 वर पूर्ण वर्षाचं लागलंय, म्हणजे खरा वार्षिक दर 18 टक्क्यांच्या आसपास जातो. यात कोणी एक शब्द खोटा बोललेलं नाही!

अमेरिकेत 1968 च्या आधी असाच प्रकार होता, जो तो आपल्या पद्धतीने दर सांगायचा. पॉल डग्लस नावाचे सिनेटर, मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, 1960 पासून हे थांबवणाऱ्या कायद्यासाठी झगडत होते, 1966 ला निवडणूक हरले आणि कायदा झाला तेव्हा ते सिनेटमध्ये नव्हतेही. त्या कायद्याने सगळ्यांना एकाच सूत्राने काढलेला वार्षिक दर, एपीआर, सांगणं भाग पडलं.

आता तुमच्या बाजूचं. लिबर्टेरियन म्हणतात की एखाद्याला अमुक शब्द बोलायलाच लावणं हीसुद्धा जबरदस्तीच आहे, आणि या कागदपत्रांचा खर्च शेवटी कर्जदाराच्याच माथी बसतो. आणि कागद वाचतं कोण? मी स्वतः एकदा कर्ज घेतलं तेव्हा समोरच्याने पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या, इथे सही, इथे सही, पान तो उलटत होता आणि मी फक्त फुली शोधत होते, सगळी माहिती माझ्या हाताखालून गेली आणि मला त्यातलं काही कळलं नाही. त्याला संमती म्हणायला मला अजूनही जड जातं. त्या अमेरिकन कायद्याचंही तेच झालं, तपशिलांचा पसारा इतका वाढला आणि नमुन्यातल्या बारीकसारीक चुकांवरून इतके खटले झाले की 1980 मध्ये तो सोपा करायला वेगळा कायदा आणावा लागला. या मुद्द्यावर मी शंभर टक्के तुमच्यासोबत आहे.

पण अजून एक युक्तिवाद करतात, की सक्ती कशाला, ज्याचा दर चांगला तो स्वतःहून सांगेल आणि जो गप्प बसेल त्याच्याबद्दल लोक काय ते समजतील. ग्रॉसमन आणि मिलग्रोम या अर्थशास्त्रज्ञांनी 1981 च्या सुमाराला हे नीट मांडलंय. पटण्यासारखं आहे, फक्त त्यासाठी गप्प बसलेला ओळखू यायला पाहिजे ना, इथे तर सगळेच बोलतायत, प्रत्येकाचं माप वेगळं. एकाचा किलो 700 ग्रॅमचा असेल तर भाव विचारून काय कळणार?

म्हणून मला वाटतं की चाळीस पानांची सक्ती सोडा, एका आकड्याचं माप पक्कं करा, आणि जो कोणी दर किंवा हप्ता तोंडातून काढेल त्याने त्याच मापाने सांगायचं. अमेरिकेत जाहिरातींना साधारण असाच नियम आहे, हप्त्याची रक्कम छापली की एपीआर पण छापावा लागतो. संमती म्हणजे काय याची ज्याला खरंच काळजी आहे त्या लिबर्टेरियनला हे मान्य व्हायला हरकत नसावी, कारण सही करणाऱ्याला आपण काय विकत घेतोय तेच माहीत नसेल तर तुम्ही ज्या कराराचं स्वातंत्र्य म्हणता ते त्या कागदावर आलंच कुठे.

प्रश्न : आणि क्रेडिट कार्डच्या बिलावर “फक्त किमान रक्कम भरली तर इतकी वर्षं लागतील” असं छापायला लावणं? हे तर सरळ उपदेश झाला ना?

उत्तर : अमेरिकेत 2009 च्या कायद्याने हे आलं, सोबत 36 महिन्यांत फेडायचं तर दरमहा किती भरा तोही आकडा. तुमच्याच बाकीवरचं गणित आहे म्हणून मला ते खटकत नाही. फक्त नंतर अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं तर त्या आकड्याने लोकांच्या भरण्यात अगदी थोडा फरक पडला होता, आणि त्याच कायद्यातल्या फीवरच्या मर्यादांनी मात्र ग्राहकांचे भरपूर पैसे वाचले होते. हे तुम्हाला आवडणार नाही, पण मित्राशी पुन्हा बोलाल तेव्हा तो हेच काढणार, तेव्हा आधीच विचार करून ठेवा.