मेंढपाळाची काठी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : परदेशी मेंढपाळांच्या काठीला वर बाक असतो. आमच्याकडच्या धनगरांची काठी सरळ. असं का? (वाचक, म्हसवड)

उत्तर : तिकडचा बाक मेंढरू धरण्यासाठी आहे. ब्रिटनच्या डोंगरांवर मेंढरं पांगून चरतात, त्यामुळं लंगडणारी मेंढी किंवा कोकरू जागच्या जागी पकडावं लागतं. मानेत अडकवायचा बाक साधारण चार बोटं रुंद असतो. मागच्या पायात अडकवायचा बाक मात्र अरुंद. पायाची नळी आत जावी, पण खूर निसटू नये, एवढाच. आपल्याकडं खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, दिवसभर माणसाबरोबर चालतं आणि रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून कोंडलं जातं. धरायचं ते तिथंच, हातानं. म्हणून आपली काठी हाकण्या-वळवण्यापुरती राहिली.

बाक आपल्याकडंही आहे, पण झाडासाठी. लांब बांबूच्या टोकाला लोहाराकडून करून घेतलेली आकडी बसवतात आणि बाभळी-बोरीचा पाला काढतात. शेंडा आणि मुख्य फांदी राखून बाजूच्या बारीक फांद्याच ओढाव्यात, म्हणजे झाड पुन्हा फुटतं. फांदीच्या थेट खाली उभं राहू नये. आणि वर विजेची तार असेल तर ते झाड सोडून द्यावं. ओल्या बांबूतून वीज उतरते, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवायलाच हवं.

प्रश्न : बिशपच्या हातात तशीच बाकदार काठी का असते? आपल्या संस्कृतीत असं काही आहे का? (वाचक, मिरज)

उत्तर : लोकांना कळप आणि धर्मगुरूला मेंढपाळ मानण्याची ती परंपरा आहे. मराठी चर्चमध्ये ‘पाळक’ म्हणतात ते यातूनच, आणि मराठी बायबलच्या तेविसाव्या स्तोत्रात आकडी व काठी दोन्ही आहेत. प्राचीन इजिप्तमध्ये तर बाकदार काठी राजचिन्ह होती. 1922 साली सापडलेल्या तुतनखामुनच्या थडग्यातल्या सोन्याच्या शवपेटीवर राजाच्या एका हातात बाकदार काठी आहे.

मराठीत काठी आधाराची जास्त: आंधळ्याची काठी, म्हातारपणाची काठी. अधिकाराची काठी पाहायची असेल तर माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी मुक्कामाला असते तेव्हा समाज आरतीला जावं. चोपदारानं दंड वर केला की हजारो वारकऱ्यांचे टाळ-मृदंग एकदम थांबतात. तो दंडही सरळच.

प्रश्न : बांबूची काठी वर्षभरात किडते किंवा चिरते. काय चुकतं? (वाचक, जत)

उत्तर : बहुतेक वेळा तोडण्याची वेळ चुकते. पावसाळा सरल्यावर, थंडीत, तीन वर्षं पुरी झालेला बांबू तोडावा. कोवळ्या बांबूत पिष्ट जास्त असतं आणि भुंगा त्यावरच जगतो; भोकातून पिठासारखी भुकटी गळू लागली की तो आत आहे असं समजावं. तोडल्यावर दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवा, पिष्ट धुऊन जातं. मग सावलीत उभी करून वाळवा. उन्हात टाकली तर वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि काठी उभी चिरते.

वाकडी असेल तर निखाऱ्यांवर फिरवत गरम करा, गुडघ्याला लावून सरळ करा आणि पूर्ण निवेपर्यंत दाबून धरा. घाईनं सोडली तर पुन्हा वाकते. पोकळ बांबू पेरात जास्त तापला तर आतली हवा फुगून तो फुटतो, म्हणून मेस हा भरीव जातीचा बांबू उत्तम. उंची खांद्याइतकी ठेवा आणि बुडाला लोखंडी शेंबी बसवा, नाहीतर माळरानावर टोक झिजून फाटतं.

प्रश्न : काठी न मारता मेंढरं वळतात का? (वाचक, कवठेमहांकाळ)

उत्तर : वळतात, आणि मारूच नये. गाभण मेंढीला पोटावर फटका बसला तर ती गाभडू शकते. पाच महिन्यांची मेहनत जाते.

मेंढीला थेट पाठीमागचं सोडून जवळजवळ सगळीकडचं दिसतं. म्हणून अगदी मागून जाऊ नका, ती दचकून उधळते. तिरकं जा. तिच्या खांद्याच्या मागं राहिलात तर ती पुढं चालते, खांद्याच्या पुढं आलात तर थांबते किंवा मागं फिरते. काठी आडवी धरली की तुमची रुंदी वाढते आणि बाजूला फुटणारी मेंढरं आत येतात, एवढंच तिचं काम.

धरायचंच असेल तर मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या वर धरा आणि लगेच दुसरा हात हनुवटीखाली न्या. पाय धरून फरफटवलं तर सांधा निखळतो. लोकर धरून तर कधीच उचलू नका. कातडीखाली रक्त साकळतं.