बेस मॉडेलला टॉप मॉडेलची बटणं: 46,000 च्या कोटेशनचं काय करायचं?

तासगावच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न थोडक्यात असा. 2022 च्या दिवाळीत घेतलेली छोटी पेट्रोल गाडी, बेस मॉडेल. रोज सांगलीला येजा. गाडीत साधा स्टिरिओसुद्धा नाही, आणि फोन वाजला की हात स्टिअरिंगवरून सुटतो. सांगलीतल्या एका ॲक्सेसरीवाल्याने टॉप मॉडेलसारखं सगळं बसवून देतो म्हणून कोटेशन दिलंय: स्क्रीन 22,000, स्टिअरिंगवरच्या बटणांचा सेट 6,500, मागचा कॅमेरा 4,500, स्पीकर 7,000, वायरिंग आणि मजुरी 6,000. एकूण 46,000. पैसे 1,00,000 ची एफडी मोडून द्यावेत, की क्रेडिट कार्डावर 24 हप्ते करावेत? की गाडीच बदलून वरचं मॉडेल घ्यावं, ज्यात वरून 1,90,000 घालावे लागतील? गाडीचा 7,200 चा हप्ता अजून 26 महिने आहे, घरखर्च महिना 30,000, पगारातून 6,000 शिल्लक पडतात आणि घरची दोन एकर द्राक्षबाग आहे.

ताई, एफडी मोडू नका, कार्डावर हप्ते करू नका आणि गाडीही बदलू नका. पण तुमची गरज खरी आहे. काम दोन टप्प्यांत करा आणि बटणं दुसऱ्या टप्प्यात ठेवा.

गाडी बदलण्याचं आधी संपवतो. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या किमतीला बांधलेला असतो, त्यामुळे विकायला गेलात की तो फटका तुमच्या गाडीला बसतो. हातात आणखी 1,90,000 चं कर्ज आणि बदल्यात स्क्रीन आणि चार बटणं. हा व्यवहार जमत नाही.

आता एफडी. ऑगस्ट चाललाय, द्राक्षबागेची ऑक्टोबरची छाटणी दीड-दोन महिन्यांवर आलीय. छाटणीपासून पुढे मजुरी, डोळे फुटण्यासाठी काडीला लावायची पेस्ट, डाऊनी रोगाच्या फवारण्या असा रोख पैसा जातच राहतो आणि बागेतून पैसा येतो तो फेब्रुवारीनंतर. बेदाणा केलात तर आणखी उशिरा. म्हणजे तुमच्या घरात सप्टेंबर ते फेब्रुवारी हा हात आखडण्याचा काळ. सहा महिन्यांच्या खर्चाला 1,80,000 लागतात आणि तुमच्याकडे आहेत 1,00,000. छाटणीनंतर अवकाळी आला आणि फवारण्या दुप्पट झाल्या तर हीच एफडी कामाला येणार आहे. तिच्यातले 46,000 काढून डॅशबोर्डमध्ये घातले, तर डिसेंबरात सोनं गहाण ठेवायची वेळ येते.

कार्डाचे हप्ते वरून सोपे दिसतात. 46,000 वर 15 टक्के व्याज आणि 24 महिने धरले तर हप्ता सुमारे 2,230 आणि एकूण व्याज साधारण 7,500. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 1,350 च्या आसपास, शिवाय प्रोसेसिंग फी. 46,000 चे 55,000 होतात. ‘नो कॉस्ट’ म्हणाले तरी व्याजावरचा जीएसटी तुमच्याच बिलात येतो. उलट 46,000 खरोखर मोकळे असते आणि ते गाडीच्या कर्जात भरले असते, तर साडेनऊ टक्के दराने साडेसात हप्ते कमी होऊन सुमारे 9,000 व्याज वाचलं असतं. मुदतीआधी फेडण्याचं शुल्क असेल तर ते यातून वजा करा. आणि गाडी विकताना हे पैसे परत येत नाहीत. आरसीवर आणि विम्यावर बेस मॉडेल लिहिलेलं आहे, भाव त्याचाच होतो.

आता कोटेशनकडे या, कारण त्यात सगळ्यात महाग पडू शकणारी वस्तू लिहिलेलीच नाही: स्पायरल केबल. काही मेकॅनिक तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. स्टिअरिंग फिरतं, कॉलम जागेवर राहतो, आणि दोघांमधला वीजप्रवाह तुटू नये म्हणून प्लास्टिकच्या गोल डबीत चपटी पट्टीसारखी केबल गुंडाळलेली असते. बेस मॉडेलच्या डबीत बहुतेकदा हॉर्न आणि एअरबॅग एवढ्याच वायरी असतात. बटणांसाठी जास्त वायरींची, टॉप मॉडेलची केबल लागते. ती नसेल तर 6,500 ची बटणं स्टिअरिंगवर नुसती शोभेला बसतील. काम सुरू झाल्यावर ‘ताई, एक पार्ट वाढला’ असा फोन येतो तो याच पार्टसाठी. तीन ते सहा हजार त्यासाठी वेगळे धरून ठेवा.

म्हणून पहिली पायरी फुकटची आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरला चॅसिस नंबर द्या आणि विचारा: माझ्या गाडीची आणि टॉप मॉडेलची स्पायरल केबल एकाच पार्ट नंबरची आहे का, आणि केबलपासून डॅशबोर्डपर्यंतच्या वायरिंगमध्ये बटणांच्या वायरी आधीच आहेत का? दोन्हीला ‘हो’ आलं तर काम स्वस्त आणि सुरक्षित आहे. नुसती बटणं बसवून कपलर, म्हणजे वायरींचे प्लग, जोडायचे. ‘नाही’ आलं तर केबल बदलावी लागेल, म्हणजे एअरबॅग उतरवावी लागेल.

इथे कोण हात घालतो याला फार महत्त्व आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला हात लावायचा नसतो, कारण एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये चार्ज शिल्लक असतो. एअरबॅगच्या वायरीला मल्टिमीटर कधीच लावायचा नाही. एअरबॅगचं कपलर काढलेलं असताना कुणी चावी ऑन केली, तर बिघाडाचा कोड साठतो आणि मीटरवरचा लाल दिवा स्कॅनरशिवाय जात नाही. पुढची चाकं सरळ ठेवून केबल मध्यावर बसवावी लागते: एका बाजूला अलगद शेवटपर्यंत फिरवायची, मग खुणा जुळेपर्यंत परत आणायची. मध्य चुकला तर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. एखाद्या दिवशी अरुंद गल्लीत स्टिअरिंग पूर्ण कापलं की आतली पट्टी तुटते, हॉर्न बंद पडतो, एअरबॅगचा दिवा लागतो. दिवा लागलेल्या गाडीची एअरबॅग अपघातात उघडेलच याचा भरवसा नसतो. दोन-तीन हजार मजुरी वाचवण्यासाठी हा धोका घेऊ नका. स्टिअरिंगचं काम अधिकृत वर्कशॉपमध्येच करा, आणि स्टिअरिंगचा नट टॉर्क रेंचने, म्हणजे नेमक्या जोराने आवळायच्या पान्याने, आवळला का हे तोंडावर विचारा.

‘कंपनीचीच स्क्रीन’ या शब्दालाही भुलू नका. टॉप मॉडेलची स्क्रीन गाडीच्या बाकीच्या कंट्रोल युनिटशी बोलते, आणि तुमच्या गाडीत ती सेटिंग नसेल तर अर्ध्या सोयी चालत नाहीत. जुन्या बाजारातून आणलेली स्क्रीन तर कोड मागून अडून बसू शकते, आणि चोरीची निघाली तर भानगड वेगळीच. तुम्हाला चांगल्या ब्रँडची बाजारातली स्क्रीन पुरेल. एकच अट: तिच्या मागे ‘की-1’ आणि ‘की-2’ अशा वायरी हव्यात. बहुतेक गाड्यांत प्रत्येक बटणामागे वेगळा रेझिस्टर असतो. स्क्रीन त्या वायरीवरचा व्होल्टेज मोजून कोणतं बटण दाबलं ते ओळखते. एकदा सेटिंगमध्ये जाऊन तिला एकेक बटण शिकवायचं. अर्थिंग ढिलं असेल तर आवाज वाढवायचं बटण गाणं बदलतं. तेव्हा बटणं बदलायला सांगतील, आधी अर्थिंग तपासायला लावा.

पहिल्या टप्प्याची मर्यादा 18,000: स्क्रीन 12,500, कॅमेरा 2,500, तुमच्या मॉडेलचे तयार कपलर आणि मजुरी 3,000. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे तीन महिने 6,000 बाजूला ठेवा. छाटणी एफडीला हात न लावता पार पडली तर दिवाळीत काम करा. फोन ब्लूटूथवर आला की तुमची मुख्य अडचण इथेच सुटते, बोलून फोन लावता-घेता येतो. गाडीत स्पीकर नसतील तर साधाच संच घ्या. तो 18,000 मध्ये बसवायला कॅमेरा मागे ठेवा: 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, म्हणजे तुमच्या गाडीत ते आहेतच.

कंपनीची एकही वायर कापू देऊ नका. वायर कापून टेप गुंडाळली की एक्स्टेंडेड वॉरंटीत इलेक्ट्रिकल बिघाडाचा दावा अडतो. तुमची वॉरंटी 2027 पर्यंत आहे, तिचं कलम आधी वाचा. स्क्रीन चालू-बंद करणारी वायर चावी ऑन केल्यावरच वीज येणाऱ्या लाईनला हवी. ती चुकून थेट बॅटरीवर गेली आणि 0.3 अँपिअर जरी खात राहिली, तरी 35 एएचची बॅटरी चार-पाच दिवसांत कोरडी पडते. सुट्टीनंतर गाडी उठली नाही तर आधी हीच लाईन बघा.

दुसरा टप्पा मार्च-एप्रिलमध्ये, द्राक्षाचे पैसे हातात आल्यावर: बटणं, लागली तर स्पायरल केबल, आणि वर्कशॉपची मजुरी. मर्यादा 14,000. पार्ट्स काउंटरचा अंदाज त्यावर गेला तर बटणं सोडून द्या. बाजारात स्टिअरिंगला पट्ट्याने बांधायची बिनतारी बटणं हजारभरात मिळतात, ती मात्र घेऊ नका. एअरबॅग उघडताना तोंडासमोर सुटी वस्तू नको.

दोन्ही वेळा जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि आठवड्याच्या आत विमा कंपनीला ईमेल करून फिटिंग पॉलिसीत चढवून घ्या. त्यासाठी किमतीच्या साधारण 4 टक्के प्रीमियम पडतो, 18,000 च्या मालाला 720 रुपये अधिक जीएसटी. पॉलिसीत नोंद नसेल तर चोरीत किंवा अपघातात स्क्रीनचा एक रुपयाही मिळणार नाही.