प्रवेशाचा निकाल लागेपर्यंत जीव टांगणीला लागलाय. हे दिवस कसे काढायचे?

तुझ्या प्रश्नातून मला कळलं ते असं: पाच-सहा नावाजलेल्या कॉलेजांना अर्ज गेलेत, मुलाखती झाल्यात आणि निकालाला अजून दीड-दोन महिने आहेत. दिवसातून वीसेकदा पोर्टल उघडून पाहतेस. रात्री अर्जातली वाक्यं आठवत पडून राहतेस. चालू वर्षाचा अभ्यास ठप्प झालाय, आणि घरच्यांनी ‘काही कळलं का?’ विचारलं की रडू येतं. (वयाने बरीच मोठी आहे, म्हणून सरळ ‘तू’ म्हणतेय.)

मी काही वर्षं एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या निवड समितीत अर्ज वाचायचं काम केलंय, त्यामुळे टेबलाच्या पलीकडचंही थोडं सांगू शकेन.

पहिली गोष्ट: ही घालमेल पूर्ण घालवायच्या फंदात पडू नकोस. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेत केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ ‘वाट पाहणं’ याच विषयावर संशोधन करतात. कॅलिफोर्नियात वकिलीची परीक्षा जुलैत होते आणि निकाल थेट नोव्हेंबरात लागतो. मधल्या चार महिन्यांत त्यांनी परीक्षार्थींना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. 2016 साली आलेला त्यांचा निष्कर्ष मला फार आवडतो. काळजी दाबून टाकणं, सगळं छानच होणार असं स्वतःला बजावत राहणं, असले उपाय करूनही लोकांचा त्रास फारसा कमी झाला नव्हता. उलट जे या काळात अस्वस्थ राहिले, धाकधुकीत राहिले, त्यांनी वाईट निकाल जास्त चांगला पचवला आणि चांगल्या निकालाचा आनंदही त्यांना जास्त झाला. म्हणजे तुझी धाकधूक अगदीच वाया चाललेली नाही. ‘सकारात्मक राहा’ असं कुणी सांगितलं तर मान डोलाव आणि सोडून दे.

हे इतकं का छळतं, यालाही कारण आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 2016 सालीच एक प्रयोग झाला. संगणकावर दगड दिसायचे, एखाद्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला विजेचा हलकासा पण दुखणारा झटका. झटका बसणारच हे पक्कं ठाऊक असताना लोकांना जेवढा ताण आला, त्याहून जास्त ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना आला. तू अर्ज केलेल्या ठिकाणी तुझी निवड अशक्य असती तर तुला अशी तगमग झाली नसती, हमखास असती तरीही नाही. तू बरोबर काठावर उभी आहेस. तुझं मन कमकुवत आहे असा अर्थ यातून काढू नकोस.

आता पलीकडच्या बाजूचं. आमच्याकडे प्रत्येक अर्ज दोघं जण वेगवेगळे वाचायचे, गुणांत फार तफावत आली तर तिसरा वाचायचा, मग बैठक. अगदी वरचे आणि अगदी खालचे अर्ज झटपट निकाली निघायचे, खरा वेळ मधल्या गठ्ठ्यावर जायचा. एकदा शेवटच्या एका जागेसाठी दोन अर्ज समोर ठेवून आम्ही बराच वेळ बसलो होतो. दोघांचेही गुण सारखे, मुलाखती सारख्याच उत्तम. शेवटी ज्या विषयाला त्या वर्षी मार्गदर्शक मोकळा होता, त्या विषयाच्या अर्जावर खूण झाली. दुसऱ्या अर्जदाराला गेलं ते नेहमीचं छापील पत्र. ते वाचून त्याने आपल्या निबंधातली कुठली ओळ चुकली हे किती रात्री शोधलं असेल, देव जाणे. चुकली कुठलीच नव्हती.

म्हणून रात्री अर्जातली वाक्यं घोळवणं थांबव असं मी म्हणते, तेव्हा ते तुला बरं वाटावं म्हणून नाही. बैठकीत असं बरंच काही ठरतं जे अर्जात नसतंच. आणखी एक: मैत्रिणीला आधी ईमेल आला, आपल्याला नाही, याचा अर्थ काढू नकोस. अनेकदा तो फक्त याद्या कुठल्या क्रमाने बाहेर पडल्या त्याचा परिणाम असतो. ‘अर्ज तपासणीत आहे’ हा शेरा काल होता आणि आजही आहे, यातूनही काही निघत नाही. पोर्टलवरचे ते शेरे बऱ्याचदा कार्यालयीन सोयीसाठी असतात. अर्जदार त्यात भविष्य वाचत बसतील हे ते टाकणाऱ्याच्या गावीही नसतं.

पोर्टलचं काय करायचं? उघडायचंच नाही असं ठरवलंस तर तासाभरात मोडशील. खाज सुटलेल्या जागेसारखं आहे ते, खाजवलं की क्षणभर बरं वाटतं आणि आग वाढते. त्यापेक्षा वेळ बांधून घे, दिवसातून एकदा, संध्याकाळी. सकाळी उठल्याउठल्या नको आणि झोपायच्या आधी तर मुळीच नको. पासवर्ड सेव्ह केलेला असेल तर काढून टाक. दर वेळी तो टाईप करावा लागला की निम्म्या वेळा हात आपोआप थांबतो. निकालाची तारीख जाहीर झाली असेल तर त्याआधी एकदाही उघडायची गरज नाही, फक्त ईमेलवर लक्ष असू दे, स्पॅमच्या फोल्डरसकट, कारण एखादं कागदपत्र मागवलेलं असू शकतं. आणि जिथे सगळे अर्जदार एकमेकांचे गुण विचारत बसलेले असतात ते ग्रुप म्यूट कर. तिथे माहिती कमी आणि अफवा जास्त असतात.

रात्रीच्या काळजीसाठी एक जुना उपाय आहे. थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली तो तपासला होता. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, अर्धा तास फक्त काळजी करायची. इतर वेळी विचार आला की त्याला सांगायचं, तुझी वेळ सहा वाजताची. ऐकायला पोरकट वाटतं खरं. पण वही घेऊन बस आणि जे जे वाटतंय ते लिही: ‘कुठेच नाही झालं तर?’, ‘आईबाबांना काय वाटेल?’, ‘सगळे पुढे जातील.’ लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली आत्ता करण्यासारखं काही असेल तर तेही लिही. बहुतेक ओळींखाली जागा कोरीच राहील. जिथे काही सुचेल तेवढं काम उद्याच्या यादीत टाक. ही जागा म्हणजे पलंग नको, एवढं बघ.

दिवसभर मात्र हाताला काम हवं, आणि ते थोडं अवघड हवं. स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्याच पुढच्या कामात दिसलं की ज्यात माणूस पूर्ण रंगून जातो, वेळेचं भान सुटतं, अशा कामात असताना वाट पाहणं सुसह्य होतं. मोबाईल स्क्रोल करताना मन रिकामंच राहतं, आणि रिकाम्या मनाला काळजी लगेच सापडते. वाद्य, कोडिंग, चित्र, धावणं, एखादी नवी भाषा, काहीही चालेल, फक्त आपण सुधारतोय हे दिसायला हवं. अर्जाशी त्याचा संबंध नसलेला बरा.

चालू वर्षाचा अभ्यास ठप्प झालाय म्हणालीस, ते मला जास्त काळजीचं वाटतं. बऱ्याच ठिकाणी मिळणारा प्रवेश अंतिम गुणांच्या अटीवरच असतो. तेवढं एक सांभाळ.

घरच्यांशी एकदाच नीट बोल. ‘कळलं की पहिल्यांदा तुम्हालाच सांगेन, तोवर विचारू नका’ असं सरळ सांग. त्यांच्याही जिवाला घोर आहे आणि विचारण्यापलीकडे त्यांना काही सुचत नाहीये.

आता न आवडणारं: हे कॉलेज मिळालं नाही तर आयुष्य हुकलं, हा हिशेब तपासून बघ. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी 2002 साली अमेरिकेतल्या पदवीधरांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. निवडक कॉलेजांत गेलेले आणि तसल्याच कॉलेजांत प्रवेश मिळूनही कमी नावाजलेल्या ठिकाणी गेलेले, यांची पुढची कमाई त्यांना साधारण सारखीच आढळली. गरीब घरांतल्या मुलांना मात्र निवडक कॉलेजाचा फायदा झालेला दिसला, आणि तो मी लपवणार नाही. एका अमेरिकन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा दुसरा अभ्यास 2003 चा. कुठल्या वसतिगृहात नंबर लागतो यावर आपलं सुख अवलंबून आहे असं त्यांना वाटत होतं. वर्षभराने चांगल्या आणि वाईट इमारतींतले सगळे जवळपास सारखेच आनंदी निघाले. पुढे काय वाटेल याचे आपले अंदाज असेच फुगलेले असतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या कॉलेजाचा अभ्यासक्रम, तिथले शिक्षक, फी, राहायची सोय हे आत्ताच, डोकं शांत असताना बघून ठेव. निकालाच्या रात्री ते जमत नाही.

जेवण तुटलं, झोप आठवड्यानुआठवडे उडाली, छातीत धडधडून श्वास अडकायला लागला किंवा जगून काय उपयोग असं मनात आलं, तर यातलं काही करत बसू नकोस. घरात त्याच दिवशी सांग आणि डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. निकालापर्यंत थांबायचं नाही.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत एकदम ‘आपलं काही होत नाही’ असं वाटायला लागेल. बहुतेकांना वाटतं, मन आधीच पडायची तयारी करतं. त्याला संकेत समजू नकोस. निकाल कुठे आणि कुणासोबत उघडायचा ते आधी ठरव, आणि निदान त्या संध्याकाळी तरी तो स्टेटसवर टाकू नकोस. प्रतीक्षायादीत नाव आलं तर मुदतीच्या आत होकार कळव, पण जिथे जागा पक्की मिळालीय तिथली फी त्यांच्या मुदतीत भरून टाक. प्रतीक्षायादीवाल्या कॉलेजाने पत्र चालेल असं म्हटलं असेल तर एकच लिही, छोटं, मधल्या काळात काही नवीन केलं असेल तेवढंच सांगणारं. समितीत दर आठवड्याला पत्र पाठवणारेही आम्ही पाहिलेत, त्यांची पत्रं कारकून न उघडता फाईलला लावायचा.