टीव्हीखालच्या बंद कपाटात राउटर आणि सेट-टॉप बॉक्स तापतात. आवाज न करता हवा कशी खेळवावी?

१२० मिमीचा कंप्युटरचा पंखा घ्या आणि १२ व्होल्टचा असला तरी ५ व्होल्टवर चालवा. ८० मिमीचा छोटा पंखा तेवढीच हवा ओढायला जास्त वेगाने फिरतो, म्हणून भुणभुणतो. जुनी यूएसबी वायर कापायची, तिची लाल तार पंख्याच्या लाल तारेला आणि काळी काळीला जोडायची, मोबाइलच्या चार्जरला लावायची. काही पंखे ५ व्होल्टवर जागचे हलत नाहीत. त्यांना ९ व्होल्टचा अडॅप्टर द्या. बोटाने ढकलल्यावरच फिरणाऱ्यावर विसंबू नका, वीज जाऊन आली की तो तसाच बसून राहतो. आणि गोव्यात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, ते मी काय सांगू!

पंखा मागच्या फळीत वरच्या कोपऱ्यात, हवा बाहेर फेकणारा. खाली पुढच्या बाजूला निदान तेवढ्याच आकाराची फट हवी. लोक नेमकं हेच विसरतात आणि मग पंखा नुसताच गरगरतो.

आमच्या म्हापशाच्या घरी आवाज पंख्याचा नव्हताच, घुमत होती ती प्लायची फळी. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चार चकत्या कापून स्क्रूखाली आणि चौकटीमागे घातल्या, स्क्रू जरा सैल ठेवले, तेव्हा कुठे शांत झालं.

किनाऱ्याजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात. चवथीच्या साफसफाईत पाती आणि जोड पुसून घ्या.